दरवाजातलं पाणी

"तू जा गाडी लेके. मैं बस से आती."

२०२३ च्या जुलैत अम्मीनं हे तिसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा मी काही बोललो नाही. छत्री तिच्या हातात दिली, स्टँडपर्यंत सोडू का म्हणून विचारलं. त्यालाही ती नको म्हणाली.

आम्ही चिखलीला राहतो. अम्मीच्या दम्याचे डॉक्टर बुलढाण्याला आहेत. अंतर वीस-पंचवीस किलोमीटर, म्हणजे फार नाही. पण दम्याच्या माणसाला गर्दीच्या एसटीत तेवढंही पुष्कळ होतं. म्हणून तर डिसेंबर २०२२ मध्ये मी गाडी घेतली होती. जुनीच, दुसऱ्याची वापरलेली, पांढऱ्या रंगाची छोटी गाडी. पैसे पगारदारांच्या पतसंस्थेतून काढले. कर्ज म्हटलं की व्याज आलं, आणि व्याज म्हटलं की आमच्या घरात अम्मी आडवी आली.

"सूद की चीज में बरकत नई रहती बेटा," ती म्हणाली होती.

मी बीएड झालेला माणूस. वर्गात चाळीस मुलांना गप्प करायची सवय. मी तिला महागाई सांगितली, पगार सांगितला, रोखीनं गाडी घ्यायला किती वर्षं लागतील त्याचा हिशेब सांगितला. ती ऐकून घेत राहिली आणि शेवटी म्हणाली, "तेरी मर्जी." ज्यांच्या घरी अशी अम्मी आहे त्यांना "तेरी मर्जी" या दोन शब्दांचं वजन सांगायला नको.

तरी हिवाळाभर आणि उन्हाळाभर ती गाडीत बसली. सैलानी बाबांच्या दर्ग्यावर गेली, खामगावला खालाकडे जाऊन आली. पावसाळा लागला आणि तिनं बसणं सोडलं. एकदा गुडघा दुखतो म्हणाली, एकदा बसमध्ये बायका भेटतात म्हणाली. मी मनात हिशेब मांडला, की व्याजाची गोष्ट तिच्या मनातून गेलेली नाही. मलाही राग होता. ज्या माणसासाठी गाडी घेतली तेच माणूस बसनं जातं, हे गल्लीत दिसतं. मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

आता गाडीचं सांगतो.

मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी डाव्या बाजूला, पुढच्या सीटच्या पायाशी मॅट ओली दिसली. मला वाटलं, कुणाच्या तरी चपलेचं पाणी असेल. मॅट काढून वाळत टाकली. चार दिवसांनी पुन्हा तेच. मग मी ते सगळे उपाय केले जे अर्धवट माहितीचा माणूस करतो. खाली वर्तमानपत्रं अंथरली. वास यायला लागला तेव्हा कापराची पुडी टांगली. वास गेला नाही, तेव्हा अत्तराची कुपी उघडून ठेवली. ओल, कापूर आणि अत्तर मिळून गाडीत एक चमत्कारिक दरवळ तयार झाला. माझा धाकटा मुलगा म्हणाला, "अब्बू, गाडीत मय्यतीचा वास येतो." त्याला मी रागावलो, पण खोटं तो बोलला नव्हता.

शेवटी मी दुकानातून सिलिकॉनची नळी आणली. सुट्टीच्या दिवशी बसून डाव्या दरवाजाची जिथे जिथे फट दिसली तिथे तिथे ती भरली. काचेच्या कडेला, रबराच्या मागे आणि दरवाजाच्या अगदी खालच्या धारेलाही. तिथे दोन-तीन लांबट छिद्रं होती. मला वाटलं, सापडला चोर, इथूनच पाणी शिरतंय! ती मी चांगली दोनदा भरली. काम झाल्यावर हात धुऊन चहा प्यालो आणि स्वतःवर खूश झालो.

त्यानंतर मॅट जास्त ओली व्हायला लागली.

उर्दूत "सील" म्हणजे ओल. भिंतीला सील आली, असं आम्ही म्हणतो. गॅरेजवाल्यांच्या भाषेत सील म्हणजे पाणी अडवणारं रबर. दोन भाषा शिकवणाऱ्या मास्तरच्या गाडीत दोन्ही सील एकाच वेळी नांदत होते, आणि कोणता कुणाला जन्म देतोय ते मास्तरलाच कळत नव्हतं.

त्याच महिन्यात आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेला, संग्रामपूर आणि जळगाव जामोदकडे अतिवृष्टी झाली. सातपुड्यातून आलेलं पाणी गावांत शिरलं, शेतं खरवडून गेली. तिकडच्या बातम्या ऐकताना आपल्या गाडीच्या ओल्या मॅटबद्दल बोलायची लाज वाटायची. चिखलीकडे तसं काही झालं नाही, पण झड लागली होती. अशाच एका दिवशी अम्मीला दवाखान्यात न्यायचं होतं. बस आली नाही. तासभर वाट पाहून ती भिजत घरी परत आली. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. मी काही न बोलता गाडीचा दरवाजा उघडला. ती काही न बोलता बसली.

केळवदच्या अलीकडे पुढे एक म्हैस आडवी आली म्हणून मी ब्रेक दाबला. तेव्हा डाव्या बाजूनं आवाज आला, हंड्यात अर्धं पाणी असावं आणि हंडा कुणी हलवावा तसा. मी गाडी पुढे घेतली, पुन्हा तोच आवाज. अम्मीनं खिडकीशी कान नेला.

"दरवाजे में पानी बोल रहा," ती म्हणाली.

मी म्हटलं, "दरवाजे में कैसे पानी रहेगा?"

"वो मेरेकू नई मालूम. पन बोल रहा." थोडं थांबून, श्वास घेऊन ती म्हणाली, "तेरे अब्बा बारिश से पहले सबसे पहले क्या करते थे? याद है?"

आठवत होतं. आमचं जुनं घर धाब्याचं होतं, मातीच्या सपाट छताचं. पावसाळ्याआधी अब्बा धाब्यावर चढायचे. मी समजायचो की ते भेगा बुजवायला चढतात. भेगांचं काम नंतर व्हायचं. आधी ते पन्हाळं साफ करायचे. चिमण्यांनी भरलेल्या काड्या, लिंबाचा पाला, माती, सगळं काठीनं ढोसून बाहेर काढायचे आणि तांब्याभर पाणी ओतून ते खाली अंगणात पडतं का ते बघायचे. वर कितीही खारी माती टाका, पन्हाळ तुंबलं तर धाबं गळणारच. पाणी थांबलं की ते स्वतःची वाट शोधतं, आणि त्याला सापडलेली वाट नेमकी तुमच्या अंथरुणावर उघडते.

मला एकदम ती खालची छिद्रं आठवली.

दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं, वाफ दिली. विचारलं, "घरात ओल आहे का? भिंतीला बुरशी?" आम्ही दोघंही नाही म्हणालो. घराला दोनच वर्षांपूर्वी गिलावा केला होता. ओल आणि बुरशीनं दमा बिघडतो, हे काही एका डॉक्टरचं मत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ साली घरातली ओल आणि बुरशी याच विषयावर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली आहे. पण "घरात ओल आहे का" या प्रश्नाचं उत्तर देताना गाडीही घरच आहे, हे आम्हाला सुचलं नाही. ती बाहेर पावसात उभी होती आणि तिच्या पोटात पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी मी गावाबाहेरच्या एका छोट्या गॅरेजवर गेलो. तिथले मिस्त्री माझ्याच वयाचे असतील. मी सगळी हकिगत सांगितली, सिलिकॉनचंही सांगितलं. ते खाली वाकले, दरवाजाची खालची धार बोटानं चाचपली आणि हसले.

"सर, हे तुम्ही बुजवलं?"

"हो."

"सर, दरवाजात पानी जातेच. जाऊ द्या लागते. भायेर निंघाले जागा पायजे फक्त."

त्यांनी पेचकसानं एका छिद्रातलं सिलिकॉन टोकरलं. टोकरताच पाण्याची धार लागली. दुसरं छिद्र उघडलं, तिथूनही. तांबूस, गंजाचं, कुजका वास येणारं पाणी. मोजलं नाही, पण एखादी छोटी बादली सहज भरली असती. मी बघत राहिलो. मला आजवर वाटत होतं की चांगला दरवाजा म्हणजे ज्यात पाणी शिरत नाही तो. मिस्त्रींनी पुढच्या अर्ध्या तासात मला वर्ग घेतल्यासारखं शिकवलं. ते मी जसं समजलो तसं लिहितो, कारण पावसाळ्यात पुष्कळांच्या गाडीत हीच तक्रार असते.

खिडकीची काच खाली जाते म्हणजे दरवाजा पोकळ असणारच. काचेच्या बाहेरच्या बाजूला, जिथे ती दरवाजात उतरते, तिथे रबराची पट्टी असते. ती काच पुसते, पण पाणी पूर्ण अडवत नाही, आणि तिच्याकडून ती अपेक्षाही नाही. काचेवरून ओघळलेलं पाणी दरवाजाच्या पोकळीत उतरतं आणि तळाच्या छिद्रांतून रस्त्यावर पडतं. हे गाडी बनवणाऱ्यानं ठरवून केलेलं आहे. पोकळीच्या आतल्या पत्र्यावर प्लास्टिकचा एक कागद काळ्या चिकट ब्यूटाइलनं चिकटवलेला असतो. मॅकेनिक लोक ज्याला डोअर पॅड म्हणतात, ते आतलं अस्तर त्याच्याही आतल्या बाजूला. आपल्याला फक्त पॅड दिसतं. खरा राखणदार त्याच्या मागचा तो साधा कागद. त्याची खालची कड दरवाजाच्या पोकळीत खोचलेली असते, म्हणजे कागदावरून उतरलेलं पाणी पुन्हा पोकळीतच पडावं.

म्हणजे पाणी गाडीत यायची कारणं सहसा अशी. तळाची छिद्रं धुळीनं तुंबली, किंवा माझ्यासारख्या शहाण्यानं बुजवली. आतला कागद फाटला किंवा सुटला. किंवा दरवाजा ज्या चौकटीवर टेकतो तिथलं रबर, ज्याला बीडिंग म्हणतात, ते चेपलं, फाटलं, जागेवरून निघालं.

पण डावीकडे पायाशी पाणी दिसलं म्हणून ते दरवाजाचंच असेल असंही नाही. मिस्त्रींनी आधी इतर संशयित तपासले. पाऊस नसताना फक्त एसी चालवल्यावर ओल येत असेल, तर एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबलेली असते. पाणी चिकट, रंगीत आणि गोडसर वासाचं असेल तर ते पावसाचं नाही, इंजिन थंड ठेवणारं कूलंट आहे, आणि तेव्हा गाडी लगेच दाखवावी. पुढच्या काचेखाली वायपरजवळ जी जाळी असते तिच्यात पाला साचला तरी पाणी आत उतरतं. लिंबाखाली गाडी लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. लिंबाची सावली फुकट मिळते, पण तिचा पाला कुठे जातो ते बघावं लागतं.

मग त्यांनी बीडिंग तपासायचं म्हटलं आणि खडूची भुकटी आहे का विचारलं. माझ्या खिशात खडू असतोच! वीस वर्षं शिकवतोय, पण खडूचा हा उपयोग मला कुणी सांगितला नव्हता. रबरावर सगळीकडे खडू घासायचा, दरवाजा नेहमीसारखा लावायचा आणि उघडायचा. समोरच्या पत्र्यावर खडूची रेघ उमटते. जिथे रेघ तुटली, तिथे रबर टेकत नाही. दुसरी परीक्षा कागदाची. जुन्या प्रश्नपत्रिकेची एक पट्टी दरवाजात धरून दरवाजा लावायचा आणि ती ओढायची. घट्ट ओढली जाते तिथे ठीक, सुळकन निघाली तिथे गडबड. आमच्या दरवाजाची रेघ अखंड उमटली. बीडिंग पास.

राहिला तो आतला कागद. त्यांनी पॅडचे स्क्रू काढले, क्लिपा हळूच उचकल्या आणि पॅड बाजूला केलं. मला दाखवून म्हणाले, "हे पाहा." आधीच्या मालकानं कधीतरी मोठे स्पीकर बसवून घेतले होते. ज्यानं कुणी ते बसवले त्यानं ब्लेडनं कागद कापला, स्पीकर बसवला आणि कापलेला तुकडा तसाच लोंबत सोडला. खालची कडही पोकळीत न खोचता बाहेर राहिली होती. मिस्त्रींनी मला टॉर्च घेऊन आत बसवलं आणि बाहेरून नळीनं पाणी सोडलं. एकदम नाही. आधी दरवाजाच्या खालच्या भागावर, मग मधे, मग काचेवर. खालून वर, एका वेळी एकच जागा आणि धार मंद. सगळीकडे एकदम फवारलं तर सगळंच ओलं होतं आणि चोर सापडत नाही. काचेवर पाणी पडलं आणि मी ते डोळ्यांनी पाहिलं. पोकळीतून येणारं पाणी कापलेल्या जागेवरून आत वळलं, पत्र्यावरून उतरलं आणि गालिच्याच्या खाली नाहीसं झालं. वरून गालिचा कोरडा तो कोरडाच.

तळाची छिद्रं उघडी होती तोवर थोडं पाणी आत यायचं आणि बाकीचं बाहेर जायचं. मी छिद्रं बुजवली आणि सगळं पाणी आत राहायला लागलं.

दुरुस्ती साधी होती. जुनं सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडून काढलं. छिद्रांत गंज धरला होता, तो घासून रंगाचा हात दिला. जाड प्लास्टिकचा नवा कागद कापला, स्पीकरच्या वर पाणी वळवणारी छोटी टोपी केली, कडेनं ब्यूटाइलची टेप लावून कागद चिकटवला आणि खालची कड पोकळीत खोचली. "इथं सिलिकॉन नको?" मी विचारलं. ते म्हणाले की सिलिकॉन एकदा धरलं की पुढच्या वेळी काचेची मशीन बिघडली तर कागद फाडल्याशिवाय उघडत नाही, आणि सिरक्यासारखा वास मारणारं सिलिकॉन पत्रा गंजवतं. ब्यूटाइल उघडता येतं, पुन्हा लावता येतं. मजुरी त्यांनी इतकी कमी सांगितली की मला माझ्या सिलिकॉनच्या नळीची किंमत आठवून ओशाळल्यासारखं झालं.

"आता खरं काम तुमच्याकडं," जाताना ते म्हणाले. "खालचा नमदा वाळवा. वरून नका पाहू."

नमदा म्हणजे गालिच्याच्या खालचा जाड थर. नम म्हणजे ओलसर. आमच्या गाडीत नम आणि नमदा एक झाले होते.

शनिवारी दुपारी मी गाडी अंगणात पत्र्याच्या शेडखाली घेतली. आधी बॅटरीची तार काढली. मग डाव्या सीटचे चार बोल्ट काढून सीट बाहेर आणली. आमची गाडी जुनी, सीटमध्ये एअरबॅग नाही. ज्यांच्या सीटमध्ये एअरबॅग आहे, सीटखाली पिवळ्या रंगाचा कनेक्टर आहे, त्यांनी हे घरी करू नये, मिस्त्रीकडूनच सीट काढून घ्यावी. दाराशी पायरीवर असलेली प्लास्टिकची पट्टी उचकून काढली आणि गालिचा उचलला.

वरून हात लावला तर गालिचा जेमतेम दमट होता. खालचा नमदा पिळला तर पाणी गळत होतं. समोरच्या पायापासून मागच्या सीटच्या पायापर्यंत ओल पोचली होती. आणि त्यावर काळे-हिरवे ठिपके होते, शिळ्या भाकरीवर येतात तसे.

अम्मी ओसरीवर खुर्चीत बसली होती. मी तिला लांबच राहायला सांगितलं होतं. नाकाला रुमाल बांधून मी तो तुकडा उचलून धरला.

"ये देखो अम्मी."

तिनं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "इसी वास्ते मेरा दम घुटता था."

मी नमदा खाली ठेवला. "गाडी में?"

"हौ. बैठी की दस मिनट में छाती भर जाती थी. बस में नई होता था."

"तो तुम बोले क्यों नई?"

"क्या बोलती? तू मेरे वास्ते लाया. कर्जा करके लाया. मैं बोलती की तेरी गाडी में दम घुटता, तो तेरेकू लगता सूद का ताना मार रही."

मी उभाच होतो. तिनं न बोलता बसनं जाणं मी टोमणाच समजलो होतो. तो तिनं मारू नये म्हणून दम्याच्या छातीनं ती पावसात स्टँडवर उभी राहत होती. मला त्या वेळी काही सुचलं नाही. मी म्हटलं, "मेरेकू वोईच लगा था, अम्मी."

ती हसली. मग म्हणाली, "सूद तो गलतच है. वो बात अलग है. उसका भी कुछ कर. पन ये पहले सुका."

ते सुकवायला सहा दिवस लागले. वरचं पाणी जुन्या टॉवेलांनी टिपलं. टॉवेल अंथरून त्यावर उभं राहायचं, पिळायचं, पुन्हा अंथरायचं. जिथे बुरशी धरली होती तो नमदा कापून सरळ फेकला. दम्याचं माणूस घरात असताना तो धुऊन वापरायचा मोह धरू नये. सीट कव्हरवाल्याकडे तशाच जाडीचा नवा तुकडा मिळतो. गालिच्याला पांढरा सिरका पाण्यात मिसळून ब्रशनं घासलं आणि कोरड्या कपड्यानं पुसलं. सिरक्यात ब्लीचिंग मात्र कधीही मिसळू नये, विषारी वायू होतो.

मग गालिच्याखाली विटांचे तुकडे ठेवले, म्हणजे खालून हवा खेळावी, आणि चारी दरवाजे उघडे टाकून टेबलफॅन लावला. झडीच्या दिवसांत हवाच ओली असते, फॅनला किती जोर येणार! गालिचा बराचसा वाळल्यावर सीट परत बसवली, बॅटरी जोडली आणि मिस्त्रींनी सांगितलेली युक्ती केली. गाडी मोकळ्यावर काढून, काचा बंद करून एसी चालू ठेवायचा, पण तापमानाचं बटण गरमकडे आणि हवा बाहेरून आत घेणारी. ओली हवा एसीच्या थंड जाळीवर आपटली की तिच्यातलं पाणी थेंब होऊन नळीनं खाली पडतं, आणि कोरडी गरम हवा गाडीत फिरते. पंधरा-वीस मिनिटं हे करायचं, मग दरवाजे उघडायचे. बंद शेडमध्ये इंजिन सुरू ठेवून हे कधीही करू नये, धुरानं माणूस मरतो. दोन दिवसांनी ऊन पडलं, तेव्हा गाडी दिवसभर उन्हात उभी केली, काचा दोन बोटं खाली.

वाळलं की नाही हे हातानं कळत नाही. हात फसतो. रात्री गालिच्याखाली वर्तमानपत्राची घडी ठेवावी, वरून काही जड ठेवावं आणि सकाळी पाहावं. कागद कुरकुरीत निघाला तर वाळलं. दुसरी खूण काचेची. सकाळी काचा आतून धुरकट दिसत असतील तर ओल अजून कुठेतरी आहे. सहाव्या दिवशी कागद कुरकुरला.

हे सगळं पावसाच्या गळतीबद्दल. संग्रामपूरकडे झालं तसं गाडी पुरात बुडाली असेल, तर ती सुरू करायचा प्रयत्नसुद्धा करू नये. इंजिनात पाणी असेल तर किल्ली फिरवल्यावर इंजिन कायमचं जातं. ती ओढूनच न्यावी लागते.

आता दरवर्षी मे महिन्यात मी अब्बांसारखा गाडीभोवती फिरतो. चारी दरवाजांची खालची छिद्रं काडीनं मोकळी करतो, काचेवर तांब्याभर पाणी ओततो आणि ते खाली पडतं का ते वाकून बघतो. वायपरजवळचा पाला काढतो. रबरावर खडू फिरवतो. मुलगा बाजूला उभा राहून बघतो. कर्जाचंही अम्मीनं सांगितल्याप्रमाणे केलं. दोन वर्षांचे हप्ते राहिले होते, ते २०२४ मध्ये एकदम भरून टाकले. त्यासाठी घराचा एक खर्च पुढे ढकलावा लागला. अम्मी काही बोलली नाही. यावेळी मी विचारलं.

"अब ठीक है," ती म्हणाली.

बुलढाण्याला जाताना येळगावचं धरण लागतं. त्या धरणाला स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी एका पातळीच्या वर गेलं की ते आपोआप उघडतात, कुणाला बटण दाबावं लागत नाही. अम्मी पुढच्या सीटवर बसलेली असते. तिला ते धरण बघायला आवडतं. आणि पाऊस असला की ती अजूनही, मला दिसू नये अशा बेतानं, वाकून मॅटखाली बोटं घालून बघते. बोटं कोरडी निघतात. मग ती ती ओढणीला पुसते आणि तसबीह पुढे सुरू करते.